क्वांटम वेलमधल्या अशुद्धी, हाडांच्या शस्त्रक्रिया आणि नाशिकमधून संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये एम.एस्सी.च्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. सेमीकंडक्टर क्वांटम वेलमधल्या अशुद्धी पातळ्या हा माझा संशोधनाचा विषय. माझा दादा ऑर्थोपेडिक सर्जन आहे. ओपीडी आणि ओटी सांभाळून तो पीजीच्या मुलांना थिसिससाठी मार्गदर्शन करतो. आम्हा दोघांकडे वर्षभर तेच तेच प्रश्न येतात. काही विद्यार्थ्यांचे असतात, काही त्यांच्या आईवडिलांचे, काही पेशंटच्या नातेवाइकांचे. ते इथे एकत्र केले आहेत. शस्त्रक्रियेविषयीची उत्तरं दादाने वाचून दुरुस्त केली आहेत. दोघांचा आग्रह एकच आहे: नाशिकमध्ये राहून खरोखर तडीस नेता येईल असा प्रश्न घ्या आणि मोजणीत कसूर करू नका.

क्वांटम वेल म्हणजे नेमकं काय?

मधे गॅलियम आर्सेनाइडचा अतिशय पातळ थर, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडचे थर. गॅलियम आर्सेनाइडचा बँडगॅप (बांधलेल्या इलेक्ट्रॉनला मोकळं फिरता यायला लागणारी किमान ऊर्जा) खोलीच्या तापमानाला सुमारे १.४२ इलेक्ट्रॉनव्होल्ट असतो. गॅलियमच्या जागी ३० टक्के ॲल्युमिनियम घातलं की तो १.८ च्या आसपास जातो. या फरकातला साठ टक्क्यांहून थोडा जास्त वाटा कंडक्शन बँडकडे, म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जापट्ट्याकडे येतो. त्यामुळे मधल्या थरातल्या इलेक्ट्रॉनच्या दोन्ही अंगांना जवळपास पाव इलेक्ट्रॉनव्होल्ट उंचीच्या भिंती उभ्या राहतात. हीच ती विहीर.

विहीर १० नॅनोमीटर रुंद असेल तर तिच्यात गॅलियम आर्सेनाइडचे पस्तीसेक अणुथर मावतात. थराला समांतर दिशेत इलेक्ट्रॉन मोकळा फिरतो, काटकोनातल्या दिशेत मात्र त्याला ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहावं लागतं. असे थर एकावर एक रचण्याची कल्पना लिओ एसाकी आणि राफाएल त्सू यांनी १९७० मध्ये मांडली. १९७४ मध्ये बेल लॅब्जमध्ये डिंगल आणि सहकाऱ्यांना प्रकाशाच्या शोषणात या पातळ्या प्रत्यक्ष दिसल्या. मधल्या काळात मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सी हे तंत्र हाताशी आलं होतं. अतिनिर्वात कक्षात एकेक अणुथर चढवता येऊ लागला, म्हणूनच हे जमलं.

अशुद्धी म्हणजे दोष ना? मग ती मुद्दाम का घालतात?

पूर्ण शुद्ध गॅलियम आर्सेनाइडमधून वीज जवळजवळ वाहतच नाही. त्यात अगदी थोडं सिलिकॉन घातलं आणि ते गॅलियमच्या जागी जाऊन बसलं, की त्याच्याकडे बंधांच्या गरजेपेक्षा एक इलेक्ट्रॉन जादा उरतो. हा इलेक्ट्रॉन सिलिकॉनच्या धन आयनाला सैलसर बांधलेला असतो. एक धन भार आणि त्याच्याभोवती एक इलेक्ट्रॉन, म्हणजे रचना हायड्रोजनचीच. फरक दोन. स्फटिकात इलेक्ट्रॉनचं परिणामी वस्तुमान मुक्त इलेक्ट्रॉनच्या फक्त ०.०६७ पट असतं. शिवाय मधल्या पदार्थामुळे विद्युत आकर्षण सुमारे १३ पट क्षीण होतं.

हे दोन आकडे हायड्रोजनच्या सूत्रात घाला. १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्टची बंधनऊर्जा (इलेक्ट्रॉनला आयनापासून सोडवायला लागणारी ऊर्जा) साडेपाच मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टवर येते आणि ०.०५३ नॅनोमीटरची बोर त्रिज्या (इलेक्ट्रॉनच्या पसाऱ्याचं माप) १० नॅनोमीटरपर्यंत वाढते. वर्गात मी हे गणित दरवेळी मुलांकडूनच फळ्यावर करून घेते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अशुद्धीभोवतीच्या इलेक्ट्रॉनचा पसारा आणि विहिरीची रुंदी एकाच मापाची निघते. इलेक्ट्रॉनला भिंती जाणवतात त्या यामुळेच.

विहिरीत घातल्यावर त्या अशुद्धीचं काय होतं?

माझ्या विषयाचा गाभा हाच, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

जेराल्ड बास्तार यांनी १९८१ मध्ये हा प्रश्न सोप्या रूपात मांडून सोडवला. भिंती अनंत उंच धरल्या, अशुद्धी विहिरीच्या मध्यावर ठेवली आणि विहीर अरुंद करत नेली. इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंनी दाबला जातो, आयनाच्या जवळ राहायला भाग पडतो आणि बंधनऊर्जा वाढते. रुंदी शून्याकडे गेली की प्रश्न दोन मितींतल्या हायड्रोजनचा होतो आणि बंधनऊर्जा मूळच्या बरोबर चौपट होते, म्हणजे सुमारे २२ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट.

खऱ्या विहिरीत ही चौपट कधीच गाठता येत नाही. भिंती पाव इलेक्ट्रॉनव्होल्ट उंचीच्याच असतात. विहीर फार अरुंद केली की इलेक्ट्रॉनचा तरंग भिंतींत झिरपतो, बाहेर पसरतो आणि बंधनऊर्जा परत उतरू लागते. म्हणून रुंदीनुसार काढलेला आलेख आधी चढतो, काही नॅनोमीटरवर माथा गाठतो आणि खाली येतो. १० नॅनोमीटरच्या विहिरीत, मध्यावरच्या अशुद्धीसाठी, उत्तर मूळच्या दुपटीच्या आसपास येतं. हा माथा ज्या विद्यार्थ्याच्या आलेखात दिसत नाही, त्याच्या प्रोग्राममध्ये भिंतीपाशी काहीतरी चुकलेलं असतं. बहुतेक वेळा सीमेवरची अट चुकीची लिहिलेली असते. ॲल्युमिनियमच्या थरात परिणामी वस्तुमान ०.०९२ च्या आसपास असतं, त्यामुळे तरंगफलाचा (इलेक्ट्रॉनचा तरंग मांडणाऱ्या सूत्राचा) नुसता उतार नव्हे, तर वस्तुमानाने भागलेला उतार दोन्ही बाजूंना जुळवावा लागतो.

आणि जागा! तीच अशुद्धी मध्यावरून भिंतीला नेऊन ठेवा. भिंतीपाशी इलेक्ट्रॉन फारसा येतच नाही, म्हणून बंधनऊर्जा घटते. अनंत भिंती आणि भरपूर रुंद विहीर घेतली, तर भिंतीवरच्या अशुद्धीची बंधनऊर्जा मूळच्या एक चतुर्थांशावर येते. सिलिकॉनचे अणू विहिरीत वेगवेगळ्या ठिकाणी बसले असतील, तर प्रत्येकाची ऊर्जा वेगळी. प्रयोगात मग एक टोकदार रेषा न मिळता पसरट पट्टा मिळतो. त्या पट्ट्याच्या आकारावरून अशुद्धी कुठे कुठे बसल्या आहेत याचा अंदाज बांधता येतो. मला या विषयाची गोडी लागली ती इथे.

हे काम घरी लॅपटॉपवर होतं का?

होतं. प्रयोगशाळा नाही म्हणून रडत बसू नका. ज्यातून या पातळ्या मिळतात ते श्रोडिंजर समीकरण या बाबतीत थेट सुटत नाही, म्हणून व्हेरिएशनल पद्धत वापरतात. विहिरीतल्या इलेक्ट्रॉनचं तरंगफल घ्यायचं, त्याला आयनापासूनच्या अंतरावर अवलंबून असलेल्या घातांकी फलाने गुणायचं, त्यात एक मोकळी लांबी ठेवायची आणि ऊर्जा कमीत कमी होईल तिथे ती लांबी पक्की करायची. पायथन आणि साधा आठ जीबी रॅमचा लॅपटॉप यासाठी पुष्कळ झाला.

अवघड भाग पुढचा आहे: आपलं उत्तर बरोबर आहे हे स्वतःला पटवणं. अशुद्धी काढून टाका. अनंत भिंतींच्या १० नॅनोमीटर विहिरीत पहिली पातळी तळापासून ५६ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टवर यायला हवी. ती आली नाही तर पुढे जाऊच नका. मग अशुद्धी मध्यावर ठेवून रुंदी वाढवत न्या, बंधनऊर्जा साडेपाचकडे उतरली पाहिजे. पुष्कळ जण सोय म्हणून घातांकी फल फक्त थराच्या प्रतलातल्या अंतरावर अवलंबून ठेवतात. अरुंद विहिरीत त्याने उत्तर ठीक येतं. रुंद विहिरीत मात्र ते साडेपाचच्याही खाली घसरत जातं, आणि मुलं त्यालाच नवा शोध समजतात. व्हेरिएशनल पद्धत मूळ पातळीची ऊर्जा खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकत नाही. त्यामुळे बंधनऊर्जा नेहमी थोडी कमीच भरते, जास्त कधी नाही. कुणाची माझ्यापेक्षा मोठी बंधनऊर्जा आली, तर तरंगफल त्याचं चांगलं, हे मान्य करायचं.

आणि प्रयोगच करायचा असेल तर?

तर प्रवासाची तयारी ठेवा. खोलीच्या तापमानाची औष्णिक ऊर्जा सुमारे २६ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, म्हणजे आपल्या अशुद्धीच्या बंधनऊर्जेहून कितीतरी जास्त. इलेक्ट्रॉन केव्हाच सुटून गेलेला असतो. त्याला आयनापाशी पाहायचं तर द्रवरूप हेलियमच्या तापमानाला, ४.२ केल्विनला जावं लागतं आणि दूर-अवरक्त किरणांनी त्याला वरच्या पातळीवर चढवून पाहावं लागतं. ही सोय आपल्याकडच्या कॉलेजात नाही. मुंबईत आयआयटी आणि टीआयएफआर, इंदूरमध्ये आरआरकॅट या संशोधन संस्थांत सेमीकंडक्टरचे थर वाढवण्याच्या सुविधा आहेत. बाहेरच्या संशोधकांना आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीतली नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची यंत्रं वापरता यावीत म्हणून केंद्र सरकारचा आयएनयूपी नावाचा कार्यक्रम आहे. प्रस्ताव लिहावा लागतो. गणित आधी करून, नमुना नेमका कशासाठी हवा हे सांगता आलं, तर त्या प्रस्तावाला वजन येतं.

या सगळ्याचा उपयोग काय? (हा प्रश्न पालकांचा)

काका, तुमच्या घरातला एलईडी दिवा. त्यात इंडियम गॅलियम नायट्राइडच्या क्वांटम वेल आहेत. निळा एलईडी वर्षानुवर्षं अडून राहिला तो एका अशुद्धीपायी. गॅलियम नायट्राइडमध्ये मॅग्नेशियम घालून पी-प्रकारचा (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांतून वीज वाहणारा) थर बनवायचा होता, पण हायड्रोजन मॅग्नेशियमला चिकटून त्याला निकामी करत होता. १९८९ मध्ये अकासाकी आणि अमानो यांनी इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने तो थर जागा केला. पुढे १९९२ मध्ये नाकामुरा यांनी नुसत्या तापवण्याने हायड्रोजन हाकलता येतो हे दाखवलं. २०१४ चं नोबेल या तिघांना मिळालं. आजही त्या थरातलं मॅग्नेशियम खोलीच्या तापमानाला फार थोडं कामाला येतं, कारण त्याची पातळी सुमारे ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट खोल आहे. म्हणजे पातळी किती खोल, या एका आकड्यावर अख्खा उद्योग अडतो किंवा चालतो.

फायबरचं इंटरनेट ज्या लेझरवर चालतं, त्यातही क्वांटम वेलच असतात. आणखी एक उदाहरण अशुद्धी दूर ठेवण्याचं आहे. १९७८ मध्ये डिंगल, स्टॉर्मर, गोसार्ड आणि वीगमन यांनी सिलिकॉन विहिरीत न घालता भिंतीच्या थरात घातलं. इलेक्ट्रॉन विहिरीत उतरले, आयन मागे राहिले आणि इलेक्ट्रॉनच्या वाटेतले अडथळे कमी झाले. त्यातूनच १९८० मध्ये हाय इलेक्ट्रॉन मोबिलिटी ट्रान्झिस्टर आला.

हे सगळं ऐंशीच्या दशकातच झालं ना? आता काय उरलंय?

चौकोनी विहीर, गॅलियम आर्सेनाइड, एक साधी अशुद्धी: हे संपलं. विहिरीचा आकार पॅराबोलिक करा, त्रिकोणी करा, त्यावर विद्युतक्षेत्र लावा, चुंबकीय क्षेत्र लावा आणि प्रत्येक जोडीवर एक पेपर लिहा, असं काम आजही भरपूर होतं. माझ्या मते त्यात तरुण माणसाने आयुष्य घालू नये. सराव म्हणून एक करा आणि पुढे चला.

जिवंत प्रश्न वेगळीकडे आहेत. मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारख्या एका थराच्या पदार्थात विद्युत आकर्षणाच्या रेषा थराबाहेरच्या हवेतून जातात, त्यामुळे हायड्रोजनचं साधं गणित मोडतं. तिथे रितोव्हा आणि केल्डिश यांनी दिलेलं विभव, म्हणजे अंतरानुसार आकर्षण सांगणारं सूत्र, वापरावं लागतं. सिलिकॉनमध्ये एकेका फॉस्फरस अणूला क्युबिट (क्वांटम संगणकाचा मूळ घटक) करण्याची कल्पना ब्रूस केन यांनी १९९८ मध्ये मांडली, आणि तिचा पाया डोनर पातळीचा, म्हणजे जादा इलेक्ट्रॉन देणाऱ्या अशुद्धीच्या पातळीचा नेमका हिशेब हाच आहे. सिलिकॉन-जर्मेनियमच्या विहिरींत सीमेवरच्या अणूंच्या मांडणीने पातळ्या कशा फुटतात, हेही अजून पुरतं आटोक्यात आलेलं नाही. यातलं सैद्धांतिक काम नाशिकच्या गंगापूर रोडवर बसूनही करता येतं.

हाडांच्या शस्त्रक्रियेत संशोधन ते काय असतं? हाड बसवायचं, प्लेट लावायची, झालं.

दादाला हा प्रश्न लोक अगदी मनापासून विचारतात. तो तेव्हा जॉन चार्न्ली यांची हकिकत सांगतो. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस चार्न्ली खुब्याचा कृत्रिम सांधा बसवू लागले. वाटीसाठी त्यांनी टेफ्लॉन घेतलं, कारण घर्षण अत्यंत कमी. पेशंट चालू लागले, सगळे खूश. दोनतीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं, त्याच्या कणांनी भोवतीच्या ऊती सुजल्या आणि एकामागून एक सांधे काढावे लागले.

१९६२ मध्ये एक विक्रेता वेगळं प्लॅस्टिक घेऊन आला, अतिउच्च रेणुभाराचं पॉलिथिलीन. चार्न्लींना ते काही विशेष वाटलं नाही. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी ते झीज मोजायच्या यंत्रावर चढवून ठेवलं. रात्रंदिवस तीन आठवडे यंत्र चाललं, तरी टेफ्लॉन एका दिवसात झिजेल तेवढंही ते झिजलं नव्हतं. आज नाशिकमध्ये खुबा किंवा गुडघा बदलतात तेव्हा बहुतेक सांध्यांत याच पॉलिथिलीनचा सुधारलेला अवतार असतो. दादाच्या मते सर्जनच्या बोटांच्या अंदाजापेक्षा त्या यंत्राची मोजणी मोठी ठरली, आणि ऑर्थोपेडिक संशोधन म्हणजे हेच.

आपल्याकडचं उदाहरण जयपूर फूटचं. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि सर्जन पी. के. सेठी यांनी मांडी घालता येईल, उकिडवं बसता येईल, शेतात चालता येईल असं पाऊल घडवलं. परदेशी पावलात हे जमत नव्हतं आणि परदेशी पेशंटला त्याची गरजही नव्हती. प्रश्न इथला होता, म्हणून उत्तर इथे निघालं.

प्लेट जितकी मजबूत तितकं हाड लवकर जुळतं ना, डॉक्टर?

नाही. हाडाचं ताठपण साधारण १५ ते २० गिगापास्कल, टायटॅनियम मिश्रधातूचं ११० च्या आसपास, स्टीलचं २०० च्या आसपास. फार ताठ प्लेट सगळा भार स्वतःवर घेते, मग तिच्याखालच्या हाडाला कामच उरत नाही आणि ते विरळ होतं.

जुळण्याच्या बाबतीत स्टेफान पेरेन यांनी सत्तरीच्या दशकात मांडलेला हिशेब अजून वापरतात. दोन तुकड्यांमधल्या फटीत किती ताण पडतो, म्हणजे ती मूळच्या किती टक्के ताणली जाते, हे पाहायचं. दोन टक्क्यांहून कमी असेल तर हाड सरळ हाडालाच जुळतं. दोन ते दहा टक्के असेल तर कॅलस धरून, म्हणजे भोवती नव्या हाडाची गाठ येऊन जुळतं. त्याहून बरंच जास्त असेल तर फटीत तंतुमय ऊतीच भरत राहते. म्हणून मांडीच्या चुरा झालेल्या हाडात खिळा घालताना थोडी हालचाल मुद्दाम राहू देतात, पण मनगटाच्या सांध्यात गेलेल्या फ्रॅक्चरला राहू देत नाहीत. हाड वाढवतानाही वेग सांभाळावा लागतो. इलिझारोव्ह यांच्या पद्धतीत दिवसाला १ मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटरच्या चार टप्प्यांत. घाई केली तर फटीत हाड धरत नाही, फार रेंगाळलं तर वेळेआधीच जुळून बसतं.

शस्त्रक्रियेची चाचणी औषधासारखी कशी करणार? खोटं ऑपरेशन करायचं का?

केलेलं आहे. २००२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला गुडघ्याची झीज झालेल्या १८० पेशंटना, त्यांच्या संमतीने, चिठ्ठी टाकावी तसं तीन गटांत वाटलं. एका गटाचा गुडघा दुर्बिणीने साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला, तिसऱ्याला फक्त कातडीवर छेद दिले. कोण कुठल्या गटात हे पेशंटला माहीत नव्हतं. दोन वर्षांनी तिन्ही गटांची वेदना आणि चालणं सारखंच. त्या वेळी हे ऑपरेशन जगभर सर्रास होत होतं. २०१३ मध्ये फिनलंडमध्ये झिजेमुळे फाटलेल्या मेनिस्कसवरही (गुडघ्यातली कूर्चेची गादी) अशीच चाचणी झाली आणि निष्कर्ष तसाच आला.

यावरून कुणी असं समजू नये की दुर्बिणीची शस्त्रक्रियाच निरुपयोगी. खेळताना लिगामेंट तुटणं, गुडघा अडकून बसणं ही दुखणी वेगळी. चाचणी ज्या आजारावर झाली, निकाल त्याच आजारापुरता. एरवी शांत असणारा दादा या मुद्द्यावर फार कडक होतो, कारण अर्धवट ऐकून योग्य ऑपरेशन टाळणारे पेशंटही त्याच्याकडे येतात.

आईचा खुबा मोडलाय. तिला "अभ्यासात भाग घ्या" म्हणतात. सही करू का?

आधी कागद मागा आणि तो मराठीत मागा. सहभागींना त्यांच्या भाषेत लेखी माहिती देणं, प्रश्न विचारायला वेळ देणं, हे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे. आई शुद्धीवर असेल, समजून घेऊ शकत असेल, तर संमती तिची. मुलाची सही तिच्या संमतीची जागा घेत नाही. तिला वाचता येत नसेल तर सगळं तिला वाचून दाखवायचं, आणि अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा.

नेहमीच्या उपचारापेक्षा वेगळं काय होणार हे विचारा. जादा तपासण्यांचा खर्च कुणाचा? अभ्यासामुळे इजा झाली तर भरपाई कोण देणार? मधेच बाहेर पडलो तर उपचारांत फरक पडेल का? शेवटच्याचं उत्तर "नाही" असंच असायला हवं. कागदावर एथिक्स कमिटीच्या, म्हणजे अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीच्या संपर्काची माहिती शोधा. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयचा (चाचण्यांची भारतीय नोंदवही) नोंदणी क्रमांक असतोच, कारण २००९ पासून ही नोंदणी बंधनकारक आहे. तो क्रमांक त्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो.

हे सगळं नीट असेल तर भाग घेण्यात भिण्यासारखं काही नाही. खुब्याचं ऑपरेशन काही तासांत करावं की दुसऱ्या दिवशी, यावर १७ देशांत २,९७० पेशंटचा अभ्यास झाला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातले पेशंटही त्यात होते. घाईने ऑपरेशन केल्याने मृत्यूचं प्रमाण बदललं नाही, पण भ्रमाचे झटके कमी आले. आज कुणाच्या आजीसाठी जो निर्णय होतो, त्यात त्या पेशंटचा वाटा आहे.

एमएस ऑर्थोला आहे. थिसिसला विषय कुठला घेऊ?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशिकमध्येच आहे, आणि राज्यभरातल्या पीजीच्या मुलांचे सिनॉप्सिस (थिसिसचे आराखडे) तिथे येतात. त्यात दादाला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट म्हणजे "अमुक इम्प्लांटचे फंक्शनल आउटकम" या साच्यातले विषय. तुलना कशाशी, हे त्यात नसतं.

तो आपल्या मुलांना आधी ओपीडीच्या रजिस्टरपाशी बसवतो. नडगीच्या फ्रॅक्चरचे किती पेशंट येतात? त्यातले सहा महिन्यांनी किती परत येतात? पेठ, सुरगाण्याकडचा मजूर माणूस टाके काढायला येतो, सहा आठवड्यांनी येतो, मग द्राक्षांची छाटणी किंवा काढणी सुरू झाली की येत नाही. रोजगार बुडवून, एसटीने येऊन, नुसता एक्स-रे काढायला का यावं? आणि न येणारे पेशंट आलेल्यांसारखेच असतील, असं धरून चालत नाही. जो बरा झाला तोही येत नाही आणि ज्याचं बिघडलं तो दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेला असतो. त्यामुळे उरलेल्यांच्या सरासरीला अर्थ राहत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी दोन फोन नंबर घ्या, त्यातला एक शेजाऱ्याचा किंवा नातलगाचा. गावच्या आशाताईंचं नाव लिहून ठेवा. पुढची तारीख ठरवताना पेशंटला विचारा, "काका, काढणी कधी संपते?" प्रवासखर्चाची तरतूद एथिक्स कमिटीकडून आधीच मंजूर करून घ्या.

दुसरं, "युनियन झालं", म्हणजे हाड जुळलं, हे कशावरून ठरवणार ते आधी लिहा. नडगीसाठी रस्ट स्कोअर आहे. समोरून आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेवर चार कॉर्टेक्स (हाडाच्या बाहेरच्या कठीण कडा) पाहायचे, प्रत्येकाला १ ते ३ गुण, एकूण ४ ते १२. दोघांनी एकमेकांना न विचारता गुण द्यावेत आणि मग जुळवून पाहावेत. व्हॉट्सॲपवर आलेल्या एक्स-रेच्या फोटोवर मिलिमीटर मोजू नका. एक्स-रे काढताना हाडाच्या पातळीवर ठाऊक मापाची धातूची गोळी ठेवली असेल, तरच त्या मापांना आधार आहे.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ऑर्थोपेडिक्समध्ये जागा आहे का?

आहे, आणि आम्हा भावाबहिणीचं बोलणं सर्वांत जास्त इथेच रंगतं. छोट्या दवाखान्यातलं सीआर (कॉम्प्युटेड रेडिओग्राफी) यंत्र बघा. टेक्निशियन एक्स-रे काढून कॅसेट आणतो, रीडरमध्ये सरकवतो आणि मिनिटाभरात पडद्यावर मनगट दिसतं. त्या कॅसेटमधल्या प्लेटवर बेरियम फ्लुरोहॅलाइडचा थर असतो आणि त्यात युरोपियमची अशुद्धी मुद्दाम घातलेली असते. एक्स-रे पडला की सुटलेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांत अडकून राहतात. रीडरमधला लाल लेझर त्यांना मोकळं करतो, युरोपियम निळा प्रकाश टाकतं, तो मोजला जातो आणि त्यातून चित्र तयार होतं. नव्या डिजिटल पॅनेलमध्ये याच कामाला थॅलियम घातलेलं सीझियम आयोडाइड असतं. हाड तुटलंय की नाही हे आपल्याला सांगते ती अशुद्धीची पातळी.

याशिवाय फायनाइट एलिमेंट पद्धतीने, म्हणजे हाडाचे छोटे छोटे भाग पाडून संगणकावर, स्क्रूभोवतीचा ताण काढणं, सीटी स्कॅनवरून हाडाचं प्रारूप बनवणं, चालण्याचं मापन, ही कामं भौतिकशास्त्र आणि इंजिनिअरिंगच्या मुलांचीच आहेत. अट एवढीच की आधी काही दिवस सर्जनबरोबर ओपीडीत बसा. पेशंट न पाहता केलेल्या प्रारूपात भार कुठून येतो हेच चुकतं.

पेपर वाचायला मिळत नाहीत. काय करू?

भौतिकशास्त्राचे बहुतेक नवे पेपर अर्काइव्हवर मोफत असतात, वैद्यकीय संशोधनाचे बरेचसे पबमेड सेंट्रलवर. भारतीय पीएच.डी. प्रबंध शोधगंगेवर मिळतात. सरकारी संस्थेत असाल तर २०२५ पासून सुरू झालेल्या "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" योजनेची चौकशी ग्रंथपालांकडे करा. तरीही नाही मिळाला तर लेखकालाच ईमेल करा. परदेशी प्राध्यापक अनोळखी विद्यार्थ्यालाही पेपर पाठवतात, हा आमचा दोघांचा अनुभव आहे.

पैसे भरले की आठवड्यात पेपर छापून देतात, चालेल का?

चालणार नाही. तपासणी न होता छापलेला पेपर तुमच्या नावाला कायमचा चिकटतो. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे अशी देशपातळीवरची सक्ती उरलेली नाही. विद्यापीठाचा स्वतःचा नियम तेवढा पाहून घ्या.

बारावीला आहे. नीट द्यावी की बी.एस्सी. करावं?

ऑर्थोपेडिक सर्जन व्हायचं असेल तर नीटला पर्याय नाही. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, पुढे एमएस तीन वर्षं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून पीएच.डी.ला किमान तीन वर्षं, बहुतेकांना पाच लागतात. पैसा आणि स्थैर्य कुठे जास्त, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते दडवण्यात अर्थ नाही. रक्त पाहून घेरी येते म्हणून डॉक्टरकी सोडू नका, ती सवयीने जाते. गणिताचा कंटाळा आहे आणि तरी "क्वांटम" ऐकायला छान वाटतं म्हणून भौतिकशास्त्र घेऊ नका, तो कंटाळा जात नाही.

दोन्हीकडे संख्याशास्त्र लागतं, आणि दोन्हीकडची मुलं त्यात कच्ची असतात. परीक्षा झाल्यावरच्या सुट्टीत सरासरी, प्रमाण विचलन आणि मापनातली अनिश्चितता हे तीन धडे नीट करा. घरातल्या वजनकाट्यावर एकच वस्तू वीस वेळा ठेवून आकडे लिहा. मग ती वही घेऊन कॉलेजात या, पुढचं आपण बसून पाहू.